फाटकाजवळचा दगड

३ मे, एनिस्किलन, उत्तर आयर्लंड
जुन्या दफनभूमीतल्या फाटकाजवळच्या दगडाची नोंद करण्याचे काम अखेर मला मिळाले! अट मात्र कडक. इथल्या इतिहास मंडळाच्या नोराबाई म्हणाल्या, "हरीश, जुने दगड ठेवायचे छप्पर एवढेसे. माणसाची आकृती कोरलेली असेल, तरच दगड आत. नाहीतर पावसातच." निर्णय महिनाअखेरीच्या बैठकीत.

रेखा सोबत होती. वाकून पाहिले आणि म्हणाली, "अहो, पादुका!"

माथ्यावर दोन लांबट उंचवटे आहेत खरे. मी तिला नीट समजावले — हे प्राचीन ख्रिस्ती भिक्षूंचे स्थान. पादुका कोरण्याची चाल आपल्याकडची. हे उंचवटे म्हणजे झिजलेल्या क्रूसाची टोके असावीत.

"बरं, सर." कॉलेजात जन्मभर शिकवले की घरीही हेच ऐकावे लागते.

९ मे
पाऊस. दगड भिजतो आहे, मी खिडकीत.

१२ मे
ऊन! झिजलेले कोरीवकाम वाचण्याची रीत सोपी आहे: प्रकाश समोरून नको, बाजूने हवा. मग सपाट भागातूनही सावल्या उठतात. आरसा रेखाकडे. तिने पहिला कवडसा माझ्या टकलावर पाडला — "इथे काही कोरलेलं नाही हो!"

दगडावर मात्र पुष्कळ दिसले. उंचवट्यांखाली एक आडवी कड, तिच्यापासून खाली उतरणाऱ्या रेषा, मग माती. सुरेख काम! पण माणूस? नाही.

बुडाशी गवत कापायच्या यंत्राचा ताजा ओरखडा. जीव हळहळला.

२४ मे
बैठक परवा. रेखाटन टेबलावर पसरून बसलो होतो. समोर रेखा मटार सोलत होती. तिचा हात थांबला.

"अहो, पादुकाच आहेत. आणि वर झग्याचा घोळ! इकडून बघा."

उठून तिच्या बाजूला गेलो. पावले. घोळ. चुण्या. माणूस डोक्यावर उभा आहे! पुढे कधीतरी कोणी हा दगड उचलून आपल्या माणसाच्या थडग्याशी उलटा रोवला असणार. जुने दगड असे पुन्हा वापरले जातात — हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे!

"आता तरी पटलं का, सर? आणि मटार खाऊ नका, भाजीला पुरायचे नाहीत."

२६ मे
बैठकीत रेखाटन उलटे धरले. नोराबाई खदखदून हसल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही त्याच्या पायांशी गप्पा मारत होतात!" दगड आत न्यायचे ठरले. मग हळूच म्हणाल्या, "पण डोके शिल्लक असेल?"

घरी येताच दगड उपसण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिला.

१८ जून
परवानगी मिळाली, दगड वर काढला. डोके शाबूत! गोल डोळे, फुगीर गाल, रुंद हसू — छिन्नीची एकेक खूण ताजी. ज्या पावसापासून त्याला वाचवायला मी एवढा धडपडलो, तो मातीने त्याच्या चेहऱ्याला कधी लागूच दिला नव्हता.