दोन्ही बाजूंनी भरत गेलेली वही

प्रिय ताईस,

धाकट्या मावसभावाचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे, दाजींचा रक्तदाब आणि कुंड्यांना पाणी कोणी घालायचं यावरून तुम्हा दोघांचं चालणारं भांडण, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. आता मुख्य तक्रार. पंधरा वर्षांपूर्वी दाजींची इथून बदली झाली, तेव्हा तुमच्या सामानातून माझ्या स्टीलच्या डब्याचं झाकण गेलं. डबा इथेच राहिला. तेव्हापासून तो आमच्या स्वयंपाकघरात बोडका उभा आहे आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. (त्यावर एक ताटली अगदी घट्ट बसते. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.)

झाकणाची आठवण निघाली ती अशी. आपल्या मेथडिस्ट चर्चला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात आणि दाजींनी इथे पाळक म्हणून केलेल्या नऊ वर्षांच्या सेवेवर स्मरणिकेत लेख लिहायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलं. मी शाळेत संस्कृत शिकवतो, तेव्हा मला लिहिता येतच असणार, असा कमिटीचा समज. (माझे विद्यार्थी त्यांना भेटलेले दिसत नाहीत.) मग वही-पेन घेऊन घरोघरी हिंडलो. प्रत्येक जण सुरुवात पाळकसाहेबांपासून करतो आणि दुसऱ्या वाक्याला स्वतःच्या दुखण्यावर येतो. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी तर मला त्यांच्या पित्ताशयाची हकिकत तासभर ऐकवली. आधी वैतागलो, मग उमगलं की हीच दाजींची आठवण आहे. ते घरी आले की लोक हेच सांगायचे, आणि नऊ वर्षं तो माणूस मान डोलावत ऐकत बसायचा.

तुझीही आठवण लेखात घेतली आहे, रागावू नकोस. दरवर्षी कॉन्फरन्सला बिशप सगळ्या पाळकांच्या नेमणुका वाचून दाखवणार, म्हणून महिनाभर आधीच तू अर्धं घर खोक्यांत बांधून ठेवायचीस. दरवर्षी दाजी त्याच नेमणुकीवर परत यायचे आणि तू पुटपुटत खोकी सोडायचीस. आठ वर्षं हेच. नवव्या वर्षी तू कंटाळून काहीच बांधलं नाहीस, उलट नवे पडदे शिवून लावलेस, आणि बदलीचा हुकूम आला. त्या धांदलीत झाकण गेलं, असं माझं नम्र अनुमान आहे.

आता लेखाचा गाभा, म्हणजे ती वही. दाजींच्या निळ्या वहीत पुढून आजाऱ्यांची नावं असत आणि शेवटच्या पानापासून उलट येत दिवंगतांची. पद्धत सोयीची होती, पण चौथ्या वर्षी दोन्ही याद्या मधोमध येऊन समोरासमोर ठाकल्या, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या आठवड्यात डाव्या पानावर पाय मुरगळलेली आपली थोरली मावशी होती आणि उजव्या पानावर नुकतेच वारलेले शिंपीकाका. रविवारी उपासनेत दाजींनी चष्मा सारखा केला, शिंपीकाकांना लवकर आराम पडावा म्हणून प्रार्थना केली आणि मग मावशीच्या निष्कलंक, कष्टाळू, गोड स्वभावाच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले. मंडळी मिनिटभर स्तब्ध उभी राहिली. तिसऱ्या बाकावर मावशीही उभी राहिली, मुरगळलेल्या पायासकट.

शिंपीकाकूंना राग आला नाही. पाळकसाहेबांइतका पुनरुत्थानावर विश्वास आपण कुणाचा पाहिला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. दाजी मात्र दारात हात जोडून उभे होते, चेहरा चुन्यासारखा. मावशी लंगडत आली.

"पाळकसाहेब, इतकं चांगलं बोललात की आता जिवंत राहायची लाज वाटते."

"मावशी, शब्द मागे घेतो."

"काही घेऊ नका. वेळ आली की हेच म्हणा, एक अक्षर बदलू नका."

वेळ यायला अकरा वर्षं लागली. तोवर ती ठणठणीत होती आणि त्याचं श्रेय त्या प्रार्थनेलाच द्यायची. ती गेली तेव्हा दाजी एवढा प्रवास करून आले आणि शब्दन् शब्द तेच बोलले, 'गोड स्वभाव' धरून. अंत्यविधीला अख्खं चर्च रुमालाआड हसत होतं. इतकं प्रसन्न दफन मी पुन्हा पाहिलेलं नाही.

लेख दाजींना दाखव. काटछाट करू नका म्हणावं. इत्यलम्.

तुझा,
मास्तर

ता. क. झाकण तुझ्याकडेच राहू दे. ताटली छान बसते.

ता. ता. क. दाजी निवृत्त झाले तरी ती वही चालू ठेवली असेलच. तीत माझं नाव लिहायला सांग. पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. पानाची घाई करू नका म्हणावं. चुकून दिवंगतांत पडलं तरी हरकत नाही, मावशीला ते पान चांगलं मानवलं होतं. आमच्या हिच्यापुढे आणि शाळेत मी आठवडाभर असेच विनोद करत हिंडतो आहे. पण ताई, मला फार भीती वाटते.