योरुनच्या मागून टालाक

हाउगेन, ३० नोव्हेंबर १९५८

ती. वन्सं यांना योरुनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सुका मासा, दोन्ही पोचलं. मासा हुंगून टालाक म्हणाला, की आस्लाउगनं हा बोटीनं नाही, चालत पाठवलेला दिसतो. महिन्याभरात तेवढाच हसला.

डोळ्यांचं विचारलंत. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ऑस्लोच्या डॉक्टरांनी तीन आठवडे ठेवून घेतलं आणि डोळ्यांमागच्या नसा गेल्या, इलाज नाही, असं सांगून घरी पाठवलं. बाकी प्रकृती ठीक. बर्फ खिडकीला टेकलंय आणि तुमचा भाऊ शेगडीकडं तोंड करून दिवसभर बसतो. ज्यानं उभा जन्म जंगलात लाकूड तोडलं, त्याला असं बघवत नाही.

काल शेजारचे स्वेनुंगकाका आले होते. स्कीच्या फळ्या पायाला बांध, माझ्या आवाजावर माझ्या मागं ये, म्हणाले. तर हा म्हणतो, की वीस वर्षं शर्यतीत ज्याला मागं टाकलं, त्याच्या ढुंगणामागं मी जाणार नाही. योरुन पुढं होणार असेल तर येतो. मी! आमच्या माहेरच्या कार्मोय बेटावर सकाळी पडलेलं बर्फ दुपारी पावसात वाहून जातं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हिवाळ्यात खाली दुकानात जायचं तर मी याच्या बर्फावरच्या ढकलगाडीवर बसून गेलेय. काका इतके हसले, की कवळी काढून हातात धरावी लागली. त्रेचाळिसाव्या वर्षी हे शोभेल का, तुम्हीच सांगा.

कळावे. लोभ आहेच, थंडीत गोठू देऊ नये, ही विनंती.

आपली,
योरुन

---

वार्डो, १४ डिसेंबर १९५८

चि. सौ. योरुन हिस आस्लाउगचे अनेक आशीर्वाद.

शोभेल का म्हणून काय विचारतेस? शीक! खोऱ्यातली पोरं हसतील, हसू देत. नवशिका माणूस फळ्यांच्या टोकाकडं बघतो आणि तिथंच तोंडावर पडतो. तू पुढं वीस पावलांवर बघ. गुडघे वाकव, होडीत उभी राहतेस तशी. कोळ्याची लेक आहेस, ते तुला शिकवायला नको. पडायची वेळ आलीच तर बाजूला पड, मागं नको.

आणि एक ऐक. नुसतं अंगणात फिरून थांबू नकोस. दुकानापर्यंतचे चार किलोमीटर एकटीनं जाता-येता आले पाहिजेत, पाठीवर पिशवी घेऊन. स्वेनुंग एकाहत्तरचा झाला, त्याच्या भरवशावर राहू नकोस. हे मी हट्टानं लिहितेय असं समज.

इथं सूर्य उगवायचा बंद झालाय. आमच्या दुकानातच पोस्ट आहे, तिथं टपाल लावायला मला दुपारीही दिवा लागतो. माझे गुडघे आता फळ्या बांधायच्या लायकीचे राहिले नाहीत, नाहीतर मीच आले असते. माझ्या वाटचं तू घसर.

टालाकला सांग, की पुढचा मासा याहून वासाचा पाठवीन. आहे तशीच माया असू दे.

तुझी नणंद,
आस्लाउग

---

हाउगेन, ६ जानेवारी १९५९

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

पहिल्या दिवशी सतरा वेळा पडले. स्वेनुंगकाका मोजत होते. बाजूला पडायचं लक्षात होतं, पण पडल्यावर उठायचं कसं ते तुम्ही लिहिलंच नव्हतं! एक फळी पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मी मधे कोंबडीसारखी. टालाक पायरीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगत होता, की डावी काठी उशिरा टेकतेस.

नवं वर्ष लागेपर्यंत चाल जमली. एका पायानं रेटायचं आणि दुसऱ्यावर घसरत जायचं. चढावर फळ्यांची टोकं बाहेर फाकवून, माशाच्या काट्यासारखे ठसे उमटवत चढते. फळ्यांना खालून मेण लावणं अजून जमत नाही; कधी बर्फ फळीला चिकटतं, कधी मीच मागं घसरते.

परवा त्याला घेऊन शेताला फेरी मारली. मी पुढं, तो मागं. मला सारखं बोलत राहावं लागतं, तोंड थांबलं की त्याला वाट सापडत नाही. कोणता विषय आणायचा एवढा? हेरिंग मासे, माझ्या मावशीची लग्नं, सगळं काढलं. तो म्हणाला, की अठरा वर्षं ज्या तोंडाला गप्प बस म्हटलं, त्याच्याच मागं फिरायची पाळी आली.

वन्सं, हा कागद वाचून जाळा. नोव्हेंबरात मी तुम्हाला खोटं लिहिलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की डोक्यात गाठ आहे, कापता येण्यासारखी नाही. फार तर उन्हाळ्यापर्यंत. टालाकला ठाऊक नाही. सांगायचं म्हटलं, की जीभ उचलत नाही. आत्ता कुठं तो घराबाहेर पडायला लागलाय. सांगू की नको? तुमची पत्रं मी त्याला वाचून दाखवते, म्हणून उत्तर वेगळ्या कागदावर लिहा.

तुमच्याशिवाय विचारू कोणाला? लोभ असू द्यावा.

योरुन

---

वार्डो, २१ जानेवारी १९५९

(हा कागद तुझ्यापुरता.)

योरुन, बाळ,

तीन दिवस पेन हातात धरून बसले. सांग म्हणायची हिंमत होत नाही, सांगू नको म्हणायचीही नाही. तो माझा धाकटा भाऊ. त्याला पहिल्या फळ्या मीच बांधल्या होत्या. तुला जे योग्य वाटेल ते कर. मी दोष देणार नाही.

एवढंच कर, शिकणं सोडू नकोस. त्याच्यासाठी म्हण, काहीही म्हण, पण सोडू नकोस.

आस्लाउग

---

हाउगेन, २ मार्च १९५९

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

तुमच्या चिठ्ठीनं धीर आला, उत्तर मात्र मिळालं नाही. मी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दोघं दुकानापर्यंत जाऊन आलो! मोठ्या वळणाचा उतार तुम्हाला आठवत असेल. टाचा बाहेर ढकलून फळ्यांची पाचर करायची आणि वेग धरून ठेवायचा, हे मला येतं. पण तिथं भीतीनं माझी वाचाच बसली, आणि तो सरळ झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात गेला. मी रडायला लागले. तो बर्फातूनच ओरडला, की रड, पण मोठ्यानं रड, म्हणजे कुठं यायचं ते कळेल.

डोकेदुखी वाढलीय. डाव्या हातातून काठी सुटते, म्हणून मी ती मनगटाला बांधते. थंडीनं होतं, असं तो म्हणतो. मीही हो म्हणते.

त्यानं एक नवीन खूळ घेतलंय. दर शनिवारी मला दुकानात एकटीला पाठवतो. घड्याळाचे ठोके मोजत बसतो आणि उशीर झाला तर रागावतो. मागच्या खेपेला पाठीवर पीठ, रॉकेल आणि वारा तोंडावर. घरी येऊन मी भांडले, की आंधळा असलास म्हणून मी काय तुझी हमाल? त्यानं पिशवी चाचपून पीठ कोरडं आहे का पाहिलं. मग मला इतकं वाईट वाटलं, वन्सं. थोडेच दिवस उरलेत, आणि मी ते असे घालवते.

माया पातळ होऊ देऊ नये.

योरुन

---

हाउगेन, ८ एप्रिल १९५९

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

ईस्टरला वरच्या कुरणावरच्या झोपडीपर्यंत गेलो. सात किलोमीटर, सगळा चढ. स्वेनुंगकाका मागून येत होते, पण मदत लागली नाही. लागली असती तरी टालाकनं घेतली नसती.

भिंतीला टेकून उन्हात बसलो, संत्री सोलली. काय दिसतंय, त्यानं विचारलं. डोंगर सांगितले, एकेक नाव घेऊन. चुकले तिथं त्यानं दुरुस्त केलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, योरुन, तुला काही सांगायचंय का? वन्सं, शब्द ओठावर होता. मी म्हटलं, नाही रे, थोडी थंडी वाजतेय. मग मी विचारलं, तुला काही सांगायचंय का? तोही नाही म्हणाला. काका लांब जाऊन उगाच काठीनं बर्फ उकरत राहिले.

उतरताना तो एकदाही पडला नाही. मी घसा बसेपर्यंत बोलत होते.

आठवड्याभरात तो अंथरुणाला खिळलाय. डॉक्टर वर येऊन सुई देतात. तुम्हाला निघता आलं तर निघा. माझं लिहिणं इथंच थांबवते. लोभ तुमचा, हाक माझी.

योरुन

---

वार्डो, २० मे १९५९

चि. योरुन हिस अनेक आशीर्वाद.

तार मिळाली तेव्हा धक्क्यावर वादळ होतं, बोट चार दिवस सुटली नाही. भावाला माती द्यायलाही पोचले नाही. तुझ्या पत्रावरून कळलं, की शेवटी त्याला त्रास झाला नाही. तसंच असेल, असं मी धरून चालते.

आता जे लिहिते त्यासाठी तू मला काय म्हणशील ते म्हण. टालाकला सगळं ठाऊक होतं. ऑस्लोला डॉक्टर दाराबाहेर बोलत होते ते त्यानं ऐकलं. आंधळ्याला ऐकूही येत नाही असं लोकांना वाटतं, म्हणाला. डिसेंबरात त्यानं स्वेनुंगच्या हातून मला पत्र लिहवून घेतलं. त्यात होतं, की मी गेल्यावर योरुन या घरात हिवाळाभर अडकून पडेल, तिला फळ्यांवर चालता आलं पाहिजे. माझ्यासाठी शीक म्हटलं तरच शिकेल. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. ते पत्र सोबत पाठवते.

महिन्याभरानं तुझा कागद आला. त्याला कळू नये, म्हणत होतीस तू. तिला कळू देऊ नकोस, म्हणत होता तो. मी दोघांचाही शब्द पाळला. पोस्ट सांभाळणारी बाई ना मी, दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही, एवढंच मला येतं. पण माझ्या त्या गप्प राहण्यानं तुम्हा दोघांनाही एकटं पाडलं. मला झोप नाही, योरुन.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

आस्लाउग

---

हाउगेन, ७ जून १९५९

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

मी रागावले. आठ दिवस तुमचं पत्र टेबलावर उलटं पडलं होतं. तुम्ही तिघांनी मिळून मला लहान मुलासारखं फिरवलंत, असं वाटत होतं. फळ्या आगीत घालाव्यात म्हणून दोनदा बाहेर आणल्या.

शेवटी स्वेनुंगकाकांकडं गेले. पत्र त्यांच्या अक्षरातलं होतं, म्हणून ते लिहिताना काय झालं ते विचारलं. आधी म्हातारा नुसता रंधा मारत राहिला. मग म्हणाले, की त्या दिवशी टालाक तुम्हाला धाडलेल्या पत्रात आहे तेवढंच बोलला नव्हता. मला मरायचं नाही, भीती वाटते, अजून एक हिवाळा मिळाला तर बघ, असं म्हणून तो खूप रडला. काका लिहीत होते, तर म्हणाला, की हे खोड, आस्लाउगला हे कशाला? काकांनी कोरा कागद घेऊन पत्र पुन्हा लिहिलं.

वन्सं, मला शिकवलं, माझी सोय बघितली, हे ठीक. पण तो भ्यायला होता, आणि ते सांगायला त्याला मी मिळाले नाही. मीही रोज भीत होते, कोठीत दार लावून रडत होते. तीन महिने मी त्याच्या पुढं चालले. जगातलं सगळं बोलले, मावशीच्या तिसऱ्या लग्नापर्यंत. वळून एकदा म्हणाले असते, टालाक, मला ठाऊक आहे, तर तोही म्हणाला असता. दोघं तिथंच बर्फात बसून रडलो असतो. तेवढं तरी एकत्र झालं असतं.

तुमच्यावर राग नाही आता. मीच कागद वेगळा लिहा म्हटलं होतं.

माझा भाऊ मला कार्मोयला बोलावतोय. येत्या हिवाळ्यात तरी मी जाणार नाही. तुम्ही बोटीचं तिकीट काढा. पत्रात उरलेला लोभ घेऊन या आणि इथं माझ्यासमोर बसा. मला त्याच्याबद्दल तोंडानं बोलायचंय.

वाट पाहणारी,
योरुन