गाडीच्या दारातलं पाणी

रविवार, ४ जानेवारी

मेलो असतो तर बरं झालं असतं आज. आन् दौंडात! सगळी गावं सोडून दौंडातच व्हायचं होतं!

नातीच्या, मायाच्या साखरपुड्याची तारीख धरायला नवऱ्यामुलाच्या घरी गेलो होतो. माझ्या सम्राटला रविवारची सुट्टी. सकाळपासून अंगणात पाईप लावून गाडी धूत बसला होता. दारं उघडून, आत-बाहेर, चाकंसुद्धा. 'पोरीच्या सासरी चाललोय आबा, गाडी चकचकीत पायजे.' रांजणगावच्या कंपनीत पोरगा आठवडाभर मशीन पुसतो, तरी सुट्टीला त्याला गाडी पुसायची हौस!

मी मागं डाव्या दाराशी बसलो. गुडघ्यामुळं मला सरळ उतरता येत नाही. आधी पाय बाहेर, मग बूड घसरवत कडेला आणायचं, मग दार धरून उठायचं. तसाच उतरलो. मुलाची आजी दारातच उभी होती, बयाबाई. जयभीम झाला. चप्पल काढायला वळलो, तर म्हातारी केवढ्यानं म्हणाली — 'अवो मामा, लेंगा भिजलाय की तुमचा मागनं!'

पांढरा लेंगा. मांडीपासून पार पोटरीपर्यंत ओला. सगळे बघायला लागले. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. कोणी हसलंच नाही. सारिकानं — सूनबाईनं — माझ्याच खांद्यावरची शाल ओढून माझ्या कमरेला गुंडाळली. तान्ह्या पोराला गुंडाळतात तशी! वर म्हणाली, 'थंडी हाय, असू द्या.'

मला कळलंसुद्धा नाही. हीच तर गोष्ट आहे. प्रोस्टेटची गोळी चालू आहे, थेंब-दोन थेंब होतं कधीमधी. पण एवढं? आन् न कळता?

ह्याच दौंडात स्टेशनावर मी पॉइंट्समन होतो. सगळी नोकरी तिथं काढली. गाड्या ह्या रुळावरनं त्या रुळावर घेतल्या, कधी कुणाचं ऐकून घ्यायची पाळी आली नाही. आता स्वतःचं मूत आवरत नाही. थू!

तारीख २५ ठरली. तिथल्या विहारात. वंदना मीच घ्यायची, हे मुलाकडच्यांनी आपणहून सांगितलं. 'घोडनदीचे शंकरराव वंदना घेणार म्हंजी कार्यक्रमाला शोभा.' मी शालीत बसून मान हलवली.

माझी बायको, सोजर असती तर तिला तरी सांगितलं असतं. ती गेली, आता सांगायचं कुणाला.


सोमवार, ५ जानेवारी

गाडीत माझ्या जागेवर प्लास्टिक घातलंय. सारिकानं. खाली, वर पुन्हा जुनी चादर, म्हंजी दिसायला नको. पण बसलं की करकर वाजतं ना!

तोंडानं एक शब्द नाही. बोलली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते. ही बया करते सगळं गुपचूप, आन् माझी लाज काढते. सोजर होती तवा हिचा आवाज चढायचा नाही, आता घर हिचंच झालं.


गुरुवार, ८ जानेवारी

पाणी कमी केलंय. सकाळचा चहा अर्धा, दुपारचा बंद. जिभेला कोरड पडली आहे. सारिका दोनदा तांब्या ठेवून गेली, तसाच परत पाठवला.


रविवार, ११ जानेवारी

परत झालं.

मांडवगणला मेव्हण्याकडं आमंत्रण द्यायला गेलो. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. निघायच्या आधी दोनदा जाऊन आलो. न्हावऱ्यात गाडी थांबवली तर तिथंही गेलो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, सगळीकडं धूळ, घसा नुसता कोळसा झालेला. तरी एक गुळणी केली नाही. मांडवगणला उतरलो — आन् लेंगा ओला!

रिकामा माठ गळतो का कधी? माझा गळतोय. म्हंजी आतलं सगळंच बिघडलं असणार.

मेव्हण्याकडं मी बसलोच नाही. दोन तास उभा. 'बसा की दाजी!' 'न्हाय, गुडघा आखडलाय, उभंच बरं वाटतंय.' गुडघा आखडलेला माणूस दोन तास उभा राहतो का? पण कोणी विचारलं नाही. सम्राटच्या लक्षात काही येत नाही, त्याचं सगळं ध्यान गाडीला कोण चरा पाडतंय का त्याच्याकडं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं. सारिका म्हणत होती, 'आबांना काय विचारू नका. आजिबात विषय काढू नका.' एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायला थांबलो नाही. घरात माझ्याविषयी कुजबूज चालते आता.


मंगळवार, १३ जानेवारी

मायाला सांगितलं — मी काही दौंडाला येत नाही, गुडघा फार धरलाय. वंदना तिथलं कोणीही घेईल.

पोरगी समोरच येऊन बसली. म्हणाली, 'आबा, मी पाचवीत होते तवापासून तुम्ही म्हणताय, माझ्या नातीची वंदना मीच घेणार. आन् आता गुडघा? मी तुम्हाला उचलून न्हेते.' मी म्हणालो, हट्ट करू नकोस. तर डोळ्याला पाणी! 'तुम्ही न्हाय तर मी पुड्याला बसत न्हाय. ठरलं.'

सम्राट तावातावानं आला. 'मुलाकडच्यांना काय सांगू? आबा रुसलेत म्हणून सांगू?' मी म्हणालो, सांग. काय पाहिजे ते सांग.

खरं काय ते कसं सांगू? पांढरे कपडे घालून पन्नास-शंभर माणसांपुढं उभं राहायचं. सगळे हात जोडून बसलेले. आन् तिसरं शरण म्हणता म्हणता माझ्या पायावरनं ओघळ आला तर? मायाच्या सासरच्यांपुढं? तिला जन्मभर ऐकावं लागेल.

पोरगी जेवली नाही. मीही नाही. सारिकानं दोघांची ताटं झाकून ठेवली.


शुक्रवार, १६ जानेवारी

माया बोलत नाही माझ्याशी.


रविवार, १८ जानेवारी

अरे देवा — नाही, देवाचं नाव कशाला घेऊ, मायाचंच घेतो! माझी वाघीण!

सम्राटनं सकाळी गाडी धुतली. धुवून झाल्यावर माया ओढणी विसरली म्हणून मागच्या सीटवर वाकली, माझ्या बाजूनं. बाहेर आली तर ड्रेस गुडघ्याला चिंब. 'पप्पा, हे पाणी कुठनं आलं?' सम्राट म्हणतो, धुतलीय ना आत्ताच. माया म्हणाली, मग पलीकडच्या दाराला का न्हाय? तिनं माझं दार धरून हलवलं. आतनं डबक डबक आवाज! अर्धी बादली भरलेली असावी तसा!

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरनं आत गेलेलं पाणी तिथनं निघून जातं. आमच्या दाराची भोकं चिखलानं गच्च बुजलेली. त्यामुळं धुतलं की पाणी दारात साठायचं. गाडी हलली की रबराच्या फटीतनं खालच्या पट्टीवर यायचं, दाराच्या उंबऱ्यातच म्हणा ना. तिथं तळं. आन् मी उतरताना नेमका त्याच पट्टीवरनं बूड घसरवत येतो!

मायानं केसातली पिन काढून भोकात घातली. आधी काळा चिखल, मग पाण्याची धारच. सम्राट खाली बसून 'आयला, आयला' करत होता. माया हसत हसत ओरडली, 'आबा, बघा! गाडीच मुतायला लागली!'

मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. मग न्हाणीत जाऊन कडी लावली आन् तोंडात टॉवेल धरून रडलो.

बाहेर आलो. मायाला म्हणालो, गुडघा बरा झाला. दौंडाला येतो. तिनं गळ्यात हात टाकले. तिला कळलं असेल का? कळू दे. आता कळलं तरी काय!

एक मात्र लिहून ठेवतो. सारिका हसली नाही. ओट्यापाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, 'भोकं बुजत्यात परत परत. लगेच भरवसा धरू नका.' बघा! तोंडच पडलं बाईचं. सासऱ्याला मुतरा ठरवून मोकळी झाली होती, ते खोटं निघालं.

आज पोटभर पाणी प्यालो. पाणी किती गोड लागतं!


सोमवार, १९ जानेवारी

प्लास्टिक मी स्वतः काढलं आन् कचऱ्यात टाकलं. तिच्या देखत. म्हणालो, 'आधी गाडी बघावी, मग माणसाला नावं ठेवावीत.'

'व्हय आबा,' म्हणाली. कणीक मळत होती, हात थांबले नाहीत.

अजून बोलणार होतो. पण बोललो तेवढं पुरे. सोजर म्हणायची, तुमची जीभ म्हंजी कात्री. असू दे. दोन आठवडे मी जे सोसलं, ते हिला कुठं माहीत?


गुरुवार, २२ जानेवारी

वंदना रोज म्हणतोय मोठ्यानं. आवाज सुटला आहे चांगला. माया समोर पाट टाकून बसते आन् मुलाकडच्यांच्या नकला करते.

माझी गोधडी धुवून तारेवर घातलेली दिसली, एवढ्या थंडीत. सारिकाला विचारलं तर म्हणते, मांजर बसलं होतं. हिला सकाळी सकाळी दुसरी कामं नाहीत. घरात पाहुण्यांची यादी अर्धी राहिली आहे, आन् ही गोधड्या धुते!


शनिवार, २४ जानेवारी

उद्या. सम्राटची पळापळ चालू आहे. मंडपवाला, पेढे, पाहुण्यांच्या गाड्या. गाडी धुवायला आज कोणाला सवड नाही, उद्याही होणार नाही. म्हणालो, राहू दे धुळीची. न धुतलेलीच बरी! सगळे हसले.


रविवार, २५ जानेवारी

वंदना घेतली. मध्येच आवाज कापला. लोकांना वाटलं, नातीच्या मायेनं.

त्याच्या आधी विहारापाशी गाडी थांबली. पाहुणे बाहेर उभेच होते. सारिका माझ्या शेजारी बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग हातातली पाण्याची बाटली उघडून माझ्या दाराच्या पट्टीवर ओतली, उरलेली माझ्या मांडीवर. आन् बाहेर ऐकू जाईल अशी ओरडली — 'अहो, कितीदा सांगितलं ह्या दाराचं काम करून घ्या! भिजवलं परत आबांना!'

मी खाली बघितलं. लेंगा आधीच ओला होता. सीटही. मला कळलं नव्हतं.

तिच्या पिशवीत माझा दुसरा पांढरा लेंगा होता. इस्त्री करून, घरनंच आणलेला.