खारट आळं

वैशाख वद्य तृतीया. गोंदिया.



नागरा गावच्या सडकेवरचा आंबा का वाळतोय, ते आज कळलं. सडकेची झाडं जगवणं ही माझी मुकादमी. एक वाळलं तरी साहेब माझी चामडी सोलणार. महिनाभर मी स्वतः बादल्या ओततोय आणि पानं करपतच चालली आहेत. आज आळ्यातली माती जिभेवर ठेवली. खारट.

दबा धरून बसलो. दुपारी शेजारच्या धानाच्या बांधीतला सोमा मिठाच्या पाण्याची घागर घेऊन आला. पकडल्यावर म्हणाला,

"झाड मोठं झालं तं सावली माह्या धानावर पडंल जी. कायले लावता?"

काठी उचलली. किती मारलं, आठवत नाही. दात पडला त्याचा. वाईट वाटतंय का मला? नाही. जिभेवरचं मीठ अजून जात नाही.

आळ्याशेजारी पडून तो म्हणाला, "पानी द्या जी, गळा सुकून राहिला."

बादली भरलेली होती. त्याच्या डोळ्यांसमोर सगळी झाडाला ओतली.

तो सरपटत गेला, आळ्यातलं पाणी ओंजळीनं तोंडाला लावलं आणि थुंकला.

मग मी घरी आलो.