माहेरी ठेवलेली घोंगडी

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
१८ एप्रिल १९७६

चिरंजीव नागनाथ यास,

आजीचा डोक्यावरून हात. इथं सगळी बरी आहेत. तू कसा आहेस ते लिहायचं विसरलास, म्हणून बरा असशील असं आम्हीच धरून चाललो. दिवाळीला बापाची छत्री एसटीत विसरलास. अशा माणसाच्या हाती हिमालयात चढणाऱ्या सहा जणांचे तंबू दिले, म्हणजे पुण्याचे लोक लय भोळे दिसतात. शाळेच्या सत्यशीलाबाई हे लिहून घ्यायल्यात. त्यांनी 'फार भोळे' लिहिलं होतं, मी खोडायला लावलं.

तुझा बाप मेंढरं घेऊन पालमकडं गेलाय. तुझ्या आईचा हात चुलीवर भाजला होता, आता खपली धरलीय. काळ्या मेंढीला जुळं झालं.

आता तंबूचं. तू विचारलंस, आजी, तू अर्धा जन्म पालात काढलास, तर सांग, हिमालयात कोणता नेऊ. एक जाड, दोन कापडांचा. एक नायलॉनचा, उशीएवढा होणारा, त्यालाही वर टाकायचं वेगळं कापड आहे. बर्फाचा डोंगर मी पाहिला नाही. पण ओझं पाहिलंय. पाल बांधणं, सोडणं आणि घोडीवर चढवणं हे आमच्यात बाईचं काम. पुरुष मेंढरामागं पुढं जातो, काय घेतलं आणि काय ठेवलं ते बाईलाच ठाऊक.

म्हणून ऐक. दुकानात हातानं उचलून बघू नकोस, हाताला सगळंच हलकं लागतं. पाठीला बांधून दिवसभर हिंड. संध्याकाळी जे जड लागेल ते खरं वजन. मग तंबू अंगणात ठोक, वर चार घागरी पाणी ओत आणि आत बस. कापडाला आतून डोकं टेकव. टेकलेल्या जागी पाझरलं, तर एका कापडाचा भरवसा धरू नकोस. दोरीच्या गाठी गारठलेल्या बोटांनी सुटतात का ते बघ. तोंड वाऱ्याच्या उलट्या अंगाला ठेव. एवढं करून हलका टिकला तर हलकाच ने. जड म्हणजे चांगलं असं काही नाही. खुशाल ने.

पण तुझ्या पत्रात पुढं एक ओळ होती. 'वरचं कापड पायथ्यालाच ठेवून देईन म्हणतो. कुणाला सांगत बसत नाही, ओझं कमी झालं की खूषच होतील.' बाईंनी ती वाचली आणि मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचली. त्याला आज आठ दिवस झाले. तुला उत्तर द्यायचं लांबलं ते यामुळं.

तुझा एक चुलता होता, सिताराम. तुझ्या बापाहून थोरला. तापानं गेला एवढंच तुला सांगितलंय. ताप खराच होता.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. फाल्गुन होता. पालमच्या शिवारात मेंढरं बसवायला निघालो. सिताराम पाच वर्षांचा, तुझा बाप अंगावर पिणारा. घोडी गाभण होती. आमच्याकडं पालावर टाकायची थोरली घोंगडी होती, चिंचोक्याची खळ दिलेली, पाण्याचा थेंब आत येऊ न देणारी. पण ओझं असं की दोघांनी उचलावं. मला घोडीची दया आली. वाटेत माझं माहेर लागलं, तिथं घोंगडी आईपाशी ठेवली. नुसतं मांजरपाटाचं कापड घेतलं. तुझ्या आज्यानं पुढून हाक मारून विचारलं, "समदं घेतलंस का गं?" मी म्हटलं, "घेतलं."

त्यानं एका बांधाखाली पाल ठोकायला लावलं, वारा लागू नये म्हणून. तिसऱ्या प्रहरी आभाळ फाटलं. गारा अशा पडल्या की कापडाच्या चिंध्या झाल्या. बांधावरून पाण्याचा लोट आला. तो ओरडला, "घोंगडी काढ, पोरावर टाक." मी म्हटलं, "वाहून गेली."

बाईंनी इथं लेखणी थांबवली. मी म्हटलं, लिहा.

सिताराम तासभर भिजला. चौथ्या दिवशी गेला.

घोंगडी ठेवली ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण मी तेव्हाच सांगितलं असतं, तर तो आभाळ बघून कुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात आम्हाला उतरवून आला असता. बिनघोंगडीच्या पालात त्यानं पोरं ठेवलीच नसती. त्याला वाटत होतं, घोंगडी आहे.

पुढं माझ्या आईला, कुणाला सांगू नकोस म्हणून, शपथ घातली. घोंगडी माहेरीच राहिली. आणि तुझ्या आज्यानं सगळं आपल्यावर घेतलं. त्या दिवसापासून पाल ठोकायच्या आधी तो जागेला तीन फेऱ्या मारायचा, पायानं माती दाबून बघायचा. लोक हसायचे. लहानपणी तूही हसलास, मी तुला चापट मारली होती. मोठ्या दुष्काळात तो गेला, तेव्हा शेवटी मला म्हणाला, "सरजे, त्या बांधाखाली पाल मारायला नको हुतं. लेकरू माझ्यापायी गेलं." मी त्याच्या तोंडात पाणी घातलं.

तेव्हा तरी बोलायचं होतं. तेवढ्यासाठीच तो माझ्या तोंडाकडं बघत होता असं वाटतं.

तू काय नेशील ते ने, काय ठेवशील ते ठेव. पण वर पाऊल टाकायच्या आधी पाचही जणांना समोर बसवून सांग, हे कापड मी मागं ठेवतोय. कुणी भांडेल, कुणी ते आपल्या पाठीवर घेईल. घेऊ दे. त्यांचा जीव आहे, त्यांना ठाऊक असू दे. तुला भ्यालेला म्हणाले तरी चालेल.

तुझ्या बापाला तू काही लिहू नकोस. अमावस्येला तो घरी येईल, तेव्हा मीच सांगेन. भावाचं त्याला आठवत नाही, पण बापाच्या त्या फेऱ्या आठवतात.

बाईंनी सगळं परत वाचून दाखवलं. एक शब्द कमी नाही. खाली अंगठा उठवलाय, शाई जरा पसरली.

तुझी आणि सितारामाची,
सरजाबाई

ता.क. खाली उतरलास की तिथल्या बाजारातून पावशेर वाळलेली खुबानी, तुम्ही जर्दाळू म्हणता ती, पाठव. बिया काढून पाठव, मला दात नाहीत. कापडात शिव आणि वरचं नाव तूच घाल. अक्षर वाचता येत नसलं तरी तुझं मी ओळखते. दुसऱ्या कुणाच्या हातचं असलं तर मी पार्सल उघडणार नाही.