आठ लिटरचं लाल वेसल

सर, आठवीत मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही घरी आला होतात. आई लाजून चुलीपुढून उठलीच नाही, म्हणून तुम्हीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात आणि तिथंच चहा घेतलात. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "गणित येतं रे तुला. पण प्रश्न अर्धा वाचतोस आणि उत्तर देऊन मोकळा होतोस." मी हसलो होतो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मी कुठंच धड टिकलो नाही, फिरत फिरत शारजाला प्लंबिंगच्या कामावर आलो.

गेल्या महिन्यात खोर फक्कानला एका व्हिलात काम निघालं. मालकाच्या म्हाताऱ्या आईचे पाय थंडीत आखडतात, म्हणून फरशीखालून गरम पाणी फिरवायचं. आम्ही सगळे हसलो, इथं कोण घर तापवतं? "माँ है उसकी. यल्ला, पाइप बिछाओ," चाचा म्हणाले. चाचा म्हणजे पेशावरकडचे, साठीला आलेले फिटर, शारजात रोल्लाला माझ्याच खोलीत राहतात. पाना कसा धरायचा इथपासून मला त्यांनीच शिकवलं. पण जन्मभर थंड पाण्याची कामं केलेला माणूस. हीटिंग त्यांनाही नवीन, मलाही.

पाणी तापलं की फुगतं, सर. बंद पाइपात त्याला जायला जागा पाहिजे, म्हणून एक लाल वेसल लावतात. आत रबराचा पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. लावायचं कुठं ते ड्रॉइंगवर होतं, परतीच्या गार पाइपवर, पंपाच्या आधी. साइजची जागा मात्र कोरी. मी म्हटलं, मी काढतो. चारशे लिटर पाणी, तापल्यावर साडेसहा लिटर वाढणार. स्टोअरमध्ये आठ लिटरचं पडलेलं होतं. साडेसहा आठात मावतात की! लावून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून सेफ्टी व्हॉल्व्ह टपकायला लागला. तो बसवलेला चाचांनी. सुपरवायझरनं त्यांना तो तीनदा बदलायला लावला. "चाचा, चष्मा बदलो पहले." पहिल्या दोन वेळा चाचा हसले. तिसऱ्यांदा नाही हसले, आपलेच हात उलटेसुलटे करून बघत राहिले. मग त्या दिवसापुरतं त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवून दिलं.

त्याच दुपारी कन्सल्टंटकडची इंजिनियर आली. दुबईत, अल मनखूलमध्ये वाढलेली मराठी मुलगी. वेसलवर टकटक करून म्हणाली, "दादा, हे आठ लिटर टोटल आहे. आत हवा आहे ना ऑलरेडी? ती दाबली जाणार तेवढीच जागा. जेमतेम दोन-अडीच लिटर घेईल हे, मग प्रेशर वाढून व्हॉल्व्ह उघडणारच. पंचवीसचं लागेल. साइज कोणी काढली?"

मी म्हणालो, "स्टोअरमधून आलं ते लावलं, मॅडम."

संध्याकाळी पंचवीसचं मी एकट्यानं लावलं. टपकणं खलास. सकाळी सुपरवायझरनं कोरडा व्हॉल्व्ह बघितला, आणि चाचा आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "देखा, चौथी बार में बैठ गया चाचा का व्हॉल्व्ह." सगळे हसले. वेसलकडे कुणी बघितलं नाही. मीही हसलो, सर.

आज रविवार, सुट्टी. सकाळी चहा गाळता गाळता चाचा म्हणाले, "बेटा, इस बार व्हिसा रिन्यू नहीं करूँगा. हाथ अब मेरी सुनता नहीं." मी कप पुढे केला. हात बरोबर होता, चारही वेळा बरोबर होता, हे एक वाक्य. ते निघेना.

आता ते समोरच्या पलंगावर बॅग भरतायत. मघाशी विचारलं, "किसको लिख रहा है इतना?"

"मास्टरजी को."

"अच्छा करता है. मेरा भी सलाम लिख दे."

लिहिला, सर. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणूनच त्यांच्यासमोर बसून मला हे एवढं लिहिता आलं.