केतकीला बोलतं करणे

१२ फेब्रुवारी १९९१, मंगळवार

ठरलं! केतकीचं शिक्षण आजपासून सुरू. वय महिने नऊ, दिवस चार. साप्ताहिकात लेख आलाय — मुलाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतो, त्याच्याशी सतत बोला, प्रत्येक वस्तूचं नाव सांगा. म्हणजे आमचे नऊ महिने फुकट गेले! हसनशेठच्या यंत्रमाग कारखान्यात अकरा वर्षं मेहता आहे मी, म्हणजे मुकादम आणि कारकून एकातच. साठ लूमच्या कामगारांची हजेरी सांभाळतो, एका पोरीचं वेळापत्रक जमणार नाही? सकाळची शिफ्ट — भाज्या आणि रंग. संध्याकाळची शिफ्ट — आवाज. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी लाइट नसते, भिवंडीतले सगळे लूम बंद, आणि खटखट थांबली की ही बया डोळा मिटत नाही.

माई म्हणाली, "तुला कुणी शिकवलं होतं रे? चार वर्षांचा होईस्तोवर माती खायचास." म्हणूनच मेहता झालो, हे तिला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्यातून पुठ्ठे आणले, कार्डं कापली. चित्रं विद्युल्लतेने काढली. तिची गाय मांजरासारखी दिसते. बोललो तर म्हणाली, "मग तुम्ही काढा!" मी काढली. ती कपाटासारखी दिसते. शेवटी मांजरच ठेवलं. केतकीने ते खाल्लं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

"वांगं" चाळीस वेळा म्हणालो. विद्युल्लता मोरीतून बाहेर येऊन — "अहो, ओरडता कशाला? अख्ख्या चाळीला वांगं पाठ झालं!" मी कुठे ओरडलो? साधं बोललो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

लाइट नाही, झोप नाही. माई पाळण्याजवळ पाट उपडा घालून लाटण्याने खटखट वाजवत बसली. एक तास! शेवटी माईच झोपली.

३ मार्च, रविवार

आवाजाचा तास. केतकीच्या पाठीमागे उभा राहून पळीने पितळी परात वाजवली. वळली नाही. पुन्हा वाजवली, जोरात. नाही! "टोमॅटो"चं कार्ड चघळत बसली. माई मात्र एवढी दचकली की हातातलं दुधाचं भांडं सांडलं. मला खूप बोलली. काय बोलली ते कळलं नाही, पाठ फिरवून बोलत होती.

४ मार्च, सोमवार

माझ्या पोरीला ऐकू येत नसेल तर?

लिहिलं एकदाचं. कार्डं करत बसलो आणि मुळात ऐकूच येत नसेल तर तिने शिकायचं कसं? विद्युल्लतेला सांगितलं तर हसली. "अहो, चांगलं ऐकू येतं. बोलतेसुद्धा! सकाळपासून बाबा-बाबा चाललंय तिचं." आईची माया. तिला काहीही ऐकू येणार.

मी तासभर केतकीसमोर मांडी घालून बसलो. नुसते ओठ हलतात, थुंकीचे फुगे निघतात. ओठ मला बरोबर वाचता येतात. साठ लूम चालू असताना आम्ही ओठ आणि हात बघूनच बोलतो, दुसरा इलाज नसतो. पण हिच्या ओठांत मला एक शब्द सापडेना.

९ मार्च, शनिवार

न राहवून हसनशेठना सांगितलं. "मेहताजी, लूमच्या शेजारची पोरं ही. परात काय, तोफ फुटली तरी वळायची नाहीत. माझा थोरला तीन वर्षं गप होता, आता चूप बस म्हणावं लागतं. फिर भी, दिल में शक है तो दिखा दो." येत्या शुक्रवारी जाणार. कार्डं माळ्यावर टाकली. बघवत नाहीत.

१५ मार्च, शुक्रवार

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. केतकी आईच्या मांडीवर, डॉक्टर मागे, हातात एक छोटीशी घंटी. त्यांनी उजवीकडे हलवली. वळली! डावीकडे हलवली. वळली! मला संताप आला. असली कसली तपासणी? "डॉक्टर, घंटी वाजवा की! नुसती हलवताय. पोरगी तुमची सावली बघून वळते."

डॉक्टर विद्युल्लतेकडे बघायला लागले. ती माझ्याकडे. मग त्यांनी घंटी माझ्या डोक्यामागे नेली, परत आणली. समोर खुर्ची ओढून बसले. विचारलं, "कारखान्यात किती वर्षं?" म्हटलं, अकरा. त्यांनी एक कागद उचलून तोंडासमोर धरला आणि तसेच बसले. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. म्हटलं, "बोला ना, डॉक्टर!"

विद्युल्लतेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

१६ मार्च, शनिवार

केतकीचे कान खणखणीत आहेत. गेलेत ते माझे.

विद्युल्लता सांगते, महिना झाला, मी कामावरून घरात शिरलो की केतकी हाक मारते. रोज. आणि मी ओ न देता चपला काढून आत जातो! आज दारातच खाली बसलो, तिला उचललं, तिचं तोंड उजव्या कानाशी धरलं. काही नाही. डाव्या कानाशी धरलं. लांबून, खूप लांबून — "बाबा".

त्यावर मी मोठ्याने रडलो असणार, कारण माई आतून धावत आली.